मंचावर सहाच माणसं

भाऊ,

तुम्ही गेल्याला आज तेरा दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग होता तिथंच आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असं सगळे सांगतात. तुम्ही तर समोर बसलेल्या जिवंत माणसाविषयीही हातचं राखून बोलत नव्हता, तेव्हा मीही राखणार नाही. परवा धुळ्याच्या शोकसभेत तुमच्याविषयी जे जे बोललं गेलं ते मी ऐकून घेतलं. नाट्यवेडे, शिस्तीचे, अहिराणी गाण्याला साता समुद्रापार नेणारे. यातलं शेवटचं खोटं आहे. गाणं आम्ही नेलं. तुम्ही आम्हाला कुठं उभं राहायचं ते सांगितलंत.

गाणं मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलं होतं, हे तुम्ही प्रत्येक मुलाखतीत विसरायचात. कापूस वेचणाऱ्या बायांचं साधं गाणं. माझं माहेर शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. सासर असोद्याला आणि नोकरी जळगावच्या शाळेत. पण गाणं सुचलं ते माहेरच्या बोलीत. त्याच्या मध्यावर एक हाळी होती. एका शेतातली बाई लांबच्या शेतातल्या बाईला हाक मारते, एवढंच. ती हाळी देणारी अक्का आमच्या गावची, माझ्या आईची शेजारीण. ती गायिका नव्हे. मोहाची फुलं वेचायची, मजुरीला जायची, आणि नाल्याच्या पलीकडच्या बाईशी अलीकडून बोलायची. आयुष्यभर तिचा आवाज एवढंच अंतर कापत आला होता. तिनं हाळी दिली की आम्हा बाकीच्यांना मागे सरकल्यासारखं व्हायचं.

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, कुणीतरी पुढे पाठवलं, आणि लहान लहान भाषांतल्या गाण्यांच्या त्या परदेशातल्या स्पर्धेचं पत्र आलं. त्या शहराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. मंच मोठा, दूरदर्शनवर थेट दिसणार, म्हणून कुणीतरी जाणता माणूस सोबत हवा असं ठरलं. तुमचं नाव मीच सुचवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

धुळ्याच्या त्या मंगल कार्यालयात तुम्ही पहिल्यांदा आमचं गाणं ऐकलंत. डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं, माणूस हलला. मग डोळे उघडून म्हणालात, "गाणं ठीक आहे. बघायला काय आहे?"

मी म्हटलं, "भाऊ, गाणं ऐकायचं असतं."

"ते घरी. तिथं बघायचं असतं."

आपलं भांडण त्या दोन वाक्यांत सुरू झालं आणि तसंच अर्धवट राहिलं.

पुढचे तीन महिने दर रविवारी आम्ही जळगावहून बसनं धुळ्याला येत होतो. अक्का तिकडून, शिरपूरच्या बसनं. तुम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या सहा फुल्या मारून ठेवलेल्या असायच्या. मंचावर सहाच माणसं चालतील, हा तिथला पहिला नियम. तो तुम्ही पहिल्या रविवारी वाचून दाखवला होता. कागद माझ्याच हातात दिला होतात, कारण आमच्यात इंग्रजी मला येत होतं. मी, अक्का, रेखा आणि सुनंदा या चार बाया, एक ढोलवाला, एक पावरी फुंकणारा. सहा. सातवी निशा, तुमच्या ओळखीची नाचणारी मुलगी. ती कपडेपट बघायला म्हणून येणार होती.

तुम्ही काठीच्या टोकाला मोबाइल बांधून आमच्याभोवती फिरायचात. तो मोबाइल म्हणजे तिथला कॅमेरा. तो उजवीकडे आला की उजवीकडे बघायचं, वर गेला की हनुवटी वर. समोर टेबलपंखा पूर्ण वेगावर, कारण तिथं वारा सोडायचं यंत्र असणार आणि पदर उडण्याची सवय व्हायला हवी. पदर तोंडात जाऊन रेखाचा सूर गेला तर तुम्ही तिला म्हणालात, सूर यंत्रातही दुरुस्त होतो, चेहरा होत नाही. ती बसमध्ये पारोळ्यापर्यंत रडली. तुम्हाला ते कधी कळलं नाही, आणि कळलं असतं तरी पुढच्या रविवारी तुम्ही पंखा आणखी जवळ ओढला असता.

पदर, पंखा, मागच्या पडद्यावर फुटणारी पांढरी बोंडं, शेवटी उडणारी ठिणग्यांची कारंजी, प्रत्येक गोष्टीवर मी तुमच्याशी भांडले. चौघी नुसत्या उभ्या राहून गातील, मागे अंधार, एवढं पुरे, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, तुला शाळेचं संमेलनच करायचं असेल तर जळगावात कर.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुमची ऋणी आहे आणि ती इथं लिहून मोकळी होते. पारपत्राच्या कचेरीत अक्काच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. कामानं बोटं गुळगुळीत झालेली. तिथला माणूस परत या म्हणत होता. तुम्ही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलात, स्वतःच्या रुमालानं तिचं एकेक बोट पुसून यंत्रावर दाबत राहिलात. अर्धा दिवस गेला. मी तुम्हाला इतका वेळ न रागावता बसलेलं एरवी कधी पाहिलं नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

तिथं गेल्यावर पहिली तालीम. मंचाची जमीन काळी, चकचकीत, खाली दिवे. अक्का कडेला थांबली. आपली सावली नव्हे, आपण अख्ख्या खाली दिसतो आहोत हे बघून तिनं पाय मागे घेतला.

"आठे पानी शे का?" तिनं मला विचारलं.

मी तिचा हात धरून तिला फुलीवर नेलं. पण गाणं सुरू झालं की ती कॅमेऱ्याकडे बघेना. त्यावरचा तांबडा दिवा लागला की तोंड फिरवायची आणि माझ्याकडे बघून गायची. हाळी मात्र अशी दिली की दिव्यांच्या शिड्यांवर चढलेली माणसं काम थांबवून खाली बघू लागली. ते तुम्हीही पाहिलंत. अर्ध्या तासाची तालीम संपली, आपल्याला एका छोट्या खोलीत नेऊन ती टीव्हीवर दाखवली. पडद्यावर अक्का जिथं तिथं पाठमोरी, नाहीतर चौकटीबाहेर. तुम्ही कागदावर काहीतरी लिहीत होता.

दुसऱ्या तालमीला आम्ही कपडे घालून आलो तर अक्काच्या फुलीवर निशा उभी होती. अक्काला तुम्ही मागच्या काळ्या पडद्याआड खुर्ची दिली होती, हातात माइक. मंचावर दिसतील तेवढेच सहा मोजतात, पडद्यामागून गायला हरकत नाही, हे तुम्ही तिथल्या लोकांना विचारून आला होता. आम्हाला विचारलं नव्हतं.

मी तुम्हाला बाजूला घेतलं. गाण्यातली एकमेव खरी बाई तुम्ही आत लपवली, असं म्हणाले. तुम्ही घड्याळ बघत म्हणालात, "आवाज पाहिजे ना? आवाज आहे. बाई दिसलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

हे वाक्य मी चार वर्षं विसरू शकले नाही. तुम्ही ते रागानं बोलला असता तर कदाचित विसरले असते. तुम्ही मंचावरची खुर्ची थोडी डावीकडे घ्या म्हणावं तसं बोललात.

आता खरं सांगायचं तर ती दुसरी तालीम टीव्हीवर बघताना गाणं आधीपेक्षा नेटकं दिसत होतं. निशा वाऱ्यात छान वळायची, कॅमेरा तिच्यावरून माझ्यावर यायचा, आणि अक्काची हाळी कुठून आली हे न कळल्यामुळे ती जास्त दूरची वाटायची. मला हे त्याच खोलीत दिसलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही बरोबर असण्याचा राग तुम्ही चुकीचे असण्याहून मोठा असतो.

मुख्य दिवशी आपला नंबर मधे कुठंतरी होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. वारा सुटला, बोंडं फुटली. मी माझ्या फुलीवर उभी होते आणि मी मोजलं. मी, रेखा, सुनंदा, ढोल, पावरी, निशा. सहा. मोजून झाल्यावर मी वळले, मागे चालत गेले, पडदा बाजूला केला आणि अक्काचा हात धरून तिला बाहेर आणलं. ती यायला अडखळली. मला वाटलं, जमिनीला भिते आहे. मी ओढलं. कॅमेऱ्याला हे माहीत नव्हतं, त्यामुळे तेवढा वेळ जगाला नुसती मोकळी काळी जमीन दिसली. मग माझ्या खांद्याशी उभं राहून, कुणाकडेही न बघता, अक्कानं हाळी दिली. निशा नाचायची थांबली. उरलेलं गाणं आम्ही नुसतं उभं राहून गायलो. मला हवं होतं तसं.

पंधरा मिनिटांत आपल्याला आत बोलावलं. दोन अधिकारी, गळ्यात ओळखपत्रं, समोर नियमांचा तोच कागद. मंचावर सात माणसं. गाणं बाद करावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही बोलू लागलात. तुमच्या त्या तुटक्या इंग्रजीत, माझ्याकडे बोट दाखवून, तुम्ही त्यांना सांगितलंत की ही खेड्यातली बाई आहे, हिला नियम वाचता येत नाही, समजावून सांगायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझी. आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणालात, "मंगला, मान खाली घाल. या पोरांकडे बघ आणि गप्प बस."

माझ्या मागे ढोलवाला उभा होता, रेखा होती, रडून डोळे सुजलेली निशा होती. मी एम.ए. झालेली, वीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवणारी बाई. मी मान खाली घातली.

त्यांना दया आली. गुण कापले, पण गाणं बाद केलं नाही. निकालात आपण खालून तिसरे, आणि तरी प्रेक्षकांच्या पसंतीचं एक मानपत्र आपल्याला मिळालं. विमानात सगळे हसत होते. तुम्ही अक्काला खिडकीची जागा दिलीत.

एवढ्यावर थांबला असता तर मी तुम्हाला माफ केलं असतं. पण जळगावच्या सत्कारात तुम्ही माइक हातात घेतलात आणि तो किस्सा सांगितलात. बिचारीला नियमच माहीत नव्हता हो, सरळ आत जाऊन म्हातारीला घेऊन आली. सभागृह हसलं. पहिल्या रांगेत माझे विद्यार्थी बसले होते. मग तो किस्सा तुम्ही धुळ्यात सांगितला, शिरपुरात सांगितला, जिथं शाल मिळेल तिथं सांगितला. दर वेळी मी थोडी जास्त भोळी आणि तुम्ही थोडे जास्त सांभाळून घेणारे. शाळेतल्या नव्या बाईंनी एकदा मला कौतुकानं विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का?

मी तुम्हाला फोन केला. एकदा नाही, कितीदा. म्हटलं, भाऊ, तिथं गरज होती, इथं कशाला? एकदा लोकांसमोर सांगा की मंगलाला नियम माहीत होता आणि तिनं तो मोडला. तुम्ही आधी हसण्यावारी नेलंत, मग चिडलात. शेवटच्या फोनवर म्हणालात, "मी फक्त बोललो. मान तू खाली घातलीस. तुला खरं सांगायचं होतं तर तिथंच सांगायचं होतं, आता शाल मिळाल्यावर नाही."

मी फोन ठेवला. उत्तर नव्हतं म्हणून ठेवला, हे तुम्हाला कळलं असणार. त्यानंतर आपण बोललो नाही. मी उत्तर शोधत राहिले. चाललेल्या वर्गात, भाजी निवडताना, असोद्याच्या फाट्यावर बसची वाट बघताना तुमच्याशी बोलत राहिले. अलीकडे मला वाटू लागलं होतं की सापडलं. दिवाळीत धुळ्याला यायचं, तुमच्या दारात उभं राहून सांगायचं, असं ठरवलं होतं. आणि तुम्ही गेलात. माझी पाळी असताना उठून गेलात. ही तुमची जुनी खोड. तालमीतही स्वतःचं बोलणं झालं की तुम्ही चहाला निघून जायचात.

शोकसभा त्याच मंगल कार्यालयात होती. फरशीवर कुठल्या फुल्या उरल्या नव्हत्या, मी पाहिलं. तुमच्या एका शिष्यानं बोलताना तो किस्सा काढला. तुमच्यासारखाच थांबत थांबत सांगितला, आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. मग माझं नाव पुकारलं.

मी माइकपाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "मला नियम माहीत होता. तो कागद माझ्याकडेच होता. मी मंचावर सहा माणसं मोजली आणि मग सातवीला घेऊन आले. भाऊंनी तिथं खोटं सांगितलं आणि मी मान खाली घातली."

मला वाटलं, चार वर्षांनी का होईना, झालं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला, आणि तुमचा तो शिष्य माइकवर येऊन म्हणाला की याला म्हणतात निष्ठा. गुरू गेल्यावरही त्यांनी स्वतःवर घेतलेला दोष ताई आपल्या अंगावर घेताहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, भाऊ. वहिनींनी मला जवळ घेतलं. त्यांच्या खांद्यावर मी रडले ते दुःखानं की संतापानं, हे त्यांना काय सांगणार? त्या तेवढ्या बोलल्या, "तुमचा फोन येणं बंद झालं तेव्हापासून ते तुमची चौकशी करायचे. स्वतः लावायचे नाहीत." हे ऐकून मला बरं वाटलं नाही. लावायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी जळगावला न परतता मी शिरपूरची बस धरली आणि तिथून गावी गेले. अक्काला तुमचं सांगायचं होतं. ती अंगणात मोहाची वाळलेली फुलं सुपात घेऊन बसली होती. आता तिला दिसतं कमी. मी सांगितलं, भाऊ गेले. तिनं हात थांबवला. मग म्हणाली की माणूस तापट होता, पण माझी बोटं पुसत बसला होता.

मी शेजारी टेकले आणि किती दिवसांचं साठलेलं बोलत सुटले. तुम्ही तिला अंधारात बसवलंत ते, मी तिला बाहेर आणलं ते, तिच्यासाठी मी केवढी भांडले ते. मला वाटतं मी थोडी शाबासकीची वाट बघत होते. अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग अगदी सहज बोलली.

"तठे माले बरं वाटी राहिंतं व माय. अंधारात मी डोया मिटीसनी गाई राहिन्थू, मन्हा वावरमा उभी शे आशे वाटे. तू हात धरीसनी वढं तव्हय मी घाबरी गऊ."

मी विचारलं, अंधारात बरं वाटत होतं, मी ओढल्यावर घाबरलीस, मग तेव्हा का नाही बोललीस?

"माले कोन्ही इचारं?"

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. रागावून बोलली नव्हती. मला चहा ठेवायला ती उठू लागली तर मी तिला बसवलं आणि आत जाऊन चूल पेटवली, कारण तिच्यासमोर बसवेना.

परतीच्या बसमध्ये मी तुमच्यासाठी ठेवलेलं उत्तर आठवून पाहिलं. तुम्ही एका बाईला माणूस न समजता नुसता आवाज समजलात, असं काहीतरी ते होतं. चांगलं वाक्य होतं. आता ते मला म्हणता येत नाही. तुम्ही तिला आत बसवलंत ते चित्र नीट दिसावं म्हणून. मी तिला बाहेर ओढलं ते तुम्हाला हरवायला.

राग गेलेला नाही, भाऊ. लोकांसमोर मला अडाणी केलंत ते मी विसरणार नाही, आणि तुमचा तो किस्सा कुणी पुन्हा सांगितला तर मी पुन्हा उभी राहीन. पण आपण दोघं चार वर्षं जिच्यावरून भांडलो ती तुमच्यापासून शिरपूरच्या बसच्या अंतरावर होती आणि माझ्या माहेराच्या शेजारी, आणि दोघांपैकी एकानंही तिला कधी विचारलं नाही, हे सांगायला, तुम्ही असता तर, मी पहिल्यांदाच न भांडता फोन लावला असता.